हर्षद ‘क्रमांक’ की ‘संख्या’? आणि १२३४५६७८९८७६५४३२१ वाचायची कशी?

देवळालीच्या एका वाचकांचा प्रश्न : ‘१२३४५६७८९८७६५४३२१ हा हर्षद क्रमांक आहे, असे वाचले. हर्षद म्हणजे काय? आणि हा आकडा मराठीत वाचायचा कसा?’

आधी ‘क्रमांक’ बाजूला ठेवू. क्रमांक असतो रांगेतल्या जागेला, अंक म्हणजे ० ते ९ ही चिन्हे, आणि त्यांनी बनते ती संख्या. म्हणून हर्षद संख्या. ‘वरद’, ‘सुखद’मधला देणारा ‘द’ इथेही आहे : हर्ष देणारी. शब्द तुमच्याच गावचा. १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षक असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी तो रूढ केला. इंग्रजीत याच संख्यांना निव्हन या गणितज्ञाचेही नाव आहे. मराठीत त्याची गरज नाही.

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. बेरीज एकदाच करायची. पुष्कळजण ती एक अंक उरेपर्यंत करत जातात आणि फसतात : ९९ ची बेरीज १८, पुन्हा केली तर ९. ९ ने भाग जातो, १८ ने जात नाही. म्हणजे ९९ हर्षद नाही.

तुमच्या संख्येची बेरीज ८१. ‘बेरजेला भाग जातो म्हणजे संख्येलाही जातो’ हा नियम ९ चा आहे, ८१ ला लावू नका. ९ ने दोनदा भागून पाहा : आधी १३७१७४२१०९७३९३६९, मग १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे हर्षद खरीच. कारणही सोपे आहे. ही १११११११११ चा वर्ग, आणि नऊ एकांच्या त्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने. १११ चा वर्ग १२३२१ हाही हर्षद (बेरीज ९, भागाकार १३६९). ११११ चा १२३४३२१ मात्र नाही, कारण बेरीज १६ आणि संख्या विषम. दहा एकांचा वर्ग केला की हातचा येतो आणि डौल बिघडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. पडताळा एक्सेलमध्ये घेऊ नका, ते पंधराच अंक धरते आणि शेवटच्या २१ च्या जागी शून्ये टाकते.

आता वाचन. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातली स्थाननामे घेतली तर पहिला १ ‘मध्य’ या स्थानी येतो, पण हल्ली ऐकणाऱ्याला ते कळणार नाही. शिवाय तिथला खर्व म्हणजे एकावर दहा शून्ये, तर हिंदीतला खरब त्याच्या दसपट. दोन्ही मिसळले की घोटाळा ठरलेला. त्यापेक्षा उजवीकडचे सात अंक तोडा आणि डावीकडचे दहा ‘कोटी’ लावून वाचा : एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. दुसऱ्या ‘कोटी’नंतर क्षणभर थांबा, नाहीतर लिहून घेणारा चुकतो.