चेन्नईचं सर्किट नाशिकमध्ये शिकायला किती खर्च करावा?

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न, थोडक्यात असा: "वय ३१. सातपूरच्या ऑटो-पार्ट्स कंपनीत क्वालिटी विभागात आहे. हातात ७८ हजार येतात. घरखर्च ३८ हजार, फ्लॅटचा हप्ता २१ हजार, मुलीच्या नावाने धरलेली एसआयपी १० हजार. बँकेत १ लाख २० हजारांची एफडी आहे, दिवाळीला ७० हजार बोनस मिळतो, ७५ लाखांचा जुना टर्म प्लॅन आहे. मुलगी दोन वर्षांची. लहानपणापासून शर्यतीचं वेड आहे. माझी २०१८ची पोलो घेऊन चेन्नईजवळच्या मद्रास सर्किटवर ट्रॅक डेला (फी भरून आपली गाडी सर्किटवर चालवायच्या दिवसाला) जायचंय, पुढे जमलं तर नवशिक्यांच्या मालिकेत उतरायचंय. त्याआधी घरी सिम रिग (शर्यतीच्या गेमसाठी स्टेअरिंग, पेडल, सीटचा संच) बसवून सर्किट पाठ करायचा विचार आहे. कोटेशन ३ लाख ४० हजारांचं आलंय. ३ लाख पर्सनल लोन काढून तीन वर्षं एसआयपी थांबवली तर हप्ता बसतो. चेन्नईच्या फेऱ्या वाचतील, म्हणजे पैसे वसूलच होतील ना? बायको म्हणते, आधी तुम्हाला विचारा."

नमस्कार. वहिनींनी विचारायला लावलं हे बरं झालं. तुमचा छंद मी अजिबात हलक्यात घेत नाही. आकडे तुम्ही मोकळेपणाने दिलेत, म्हणून उत्तरही आकड्यांतच देतो.

गेमवर सर्किट शिकता येतं का? येतं. तुम्ही जान मार्डनबरोचं उदाहरण दिलंत. त्याने २०११ मध्ये ग्रॅन टुरिस्मो या शर्यतीच्या गेमवरची, निसानची जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकली आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी-२ या दुसऱ्या दर्जाच्या गाड्यांच्या गटात त्याचा संघ तिसरा आला. हे सगळं खरं आहे. पण आर्थिक सल्लागार म्हणून मला त्या गोष्टीतला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. गेमने त्याला दार उघडून दिलं, पण खऱ्या गाडीत बसवून महिनोन्‌महिने तयार करण्याचा खर्च निसानने केला. तुमच्या बाबतीत तो खर्च करणारे तुम्हीच आहात. म्हणून रिगवर गेलेला प्रत्येक रुपया खऱ्या सीटवरच्या वेळेतून वजा होतो.

आता ट्रॅक डेचा हिशेब मांडू. आयोजकांची फी तुम्ही १८ हजार लिहिलीय. नाशिक ते श्रीपेरुंबुदूर, म्हणजे सर्किटपर्यंत, एका बाजूने तेराशे किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन पेट्रोल १८-१९ हजार, टोल पाचेक हजार, राहणं-खाणं सहा हजार. तुमच्या यादीत एक गोष्ट राहिलीय: ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि टायरची झीज. त्याचे आठेक हजार धरा. एकूण झाले साधारण ५५ हजार. त्यात मिळतात वीस-वीस मिनिटांची चार सेशन्स. ते सर्किट ३.७१७ किलोमीटरचं, १२ वळणांचं. पोलोसारख्या गाडीत नवख्या माणसाचा लॅप, म्हणजे सर्किटचा एक फेरा, अडीच मिनिटांचा धरला तर एका सेशनला आठ, दिवसाला ३२ लॅप होतात. म्हणजे एक लॅप १,७०० रुपयांना पडतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याची निम्मी सेशन्स रस्ता ओळखण्यातच जातात. या वळणानंतर डावीकडे की उजवीकडे, पुढचं वळण आवळत जातं की उघडतं, कुठला गिअर. हे १६ लॅप तुम्ही घरी करून गेलात, तर साडेसत्तावीस हजारांचं शिकणं घरी झालं. गेमने वाचवलेला खरा पैसा हाच. आणि तो एका सर्किटमागे एकदाच वाचतो. दुसऱ्या वेळी गेलात तेव्हा रस्ता तुम्हाला माहीतच असतो.

या साडेसत्तावीस हजारांसमोर तुमचं कोटेशन ठेवून बघा. ३ लाख ४० हजारांत सहा ट्रॅक डे होतात. कर्ज १४ टक्क्यांनी, तीन वर्षांचं धरलं तर हप्ता साधारण १०,२५० आणि एकूण व्याज ६९ हजार. नुसत्या व्याजात चेन्नईची एक अख्खी फेरी निघते आणि वर पैसे उरतात. एसआयपी थांबवण्याची किंमत याहून मोठी आहे, फक्त ती आज दिसत नाही. दरमहा १० हजार, ३६ महिने, म्हणजे ३ लाख ६० हजार. ते गुंतवून मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत तसेच ठेवले आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर साडेचौदा लाखांच्या आसपास होतात. बाजार दहा टक्क्यांची हमी देत नाही, कमी-जास्त होईल. पण अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या वेळी कमी पडणारी रक्कम साधारण याच आकाराची असते, हे मी माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये दर जूनमध्ये बघतो.

आता कोटेशनमध्ये आहे काय? नवा कॉम्प्युटर १ लाख ४५ हजार, डायरेक्ट ड्राइव्ह स्टेअरिंग आणि लोड सेल पेडल १ लाख १० हजार, ॲल्युमिनियमचं कॉकपिट आणि बकेट सीट ५० हजार, तीन स्क्रीन ३५ हजार. यातलं सर्किट शिकवतं काय? तुमच्याकडे ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप आहे असं तुम्हीच लिहिलंय. असेटो कोर्सासारखा २०१४ चा गेम त्यावर सहज चालेल. स्टेअरिंग आणि पेडलचा साधा संच तीस-पस्तीस हजारांत येतो, जुना घेतला तर आणखी खाली. घडीचा लोखंडी स्टँड धरून चाळीस हजारांत काम होतं. वळणांचा क्रम, लाइन (वळणातून गाडी न्यायची वाट) आणि गिअर या संचावरही तितकेच पाठ होतात. महागड्या संचात हाताला बारकावे जास्त कळतात हे मान्य. त्यातही पुढे कधी एकच गोष्ट सुधारायची झाली तर आधी पेडल सुधारा, स्टेअरिंग नंतर. लोड सेलचं पेडल पायाच्या दाबावर चालतं, खऱ्या ब्रेकसारखं. वेळ सगळ्यात जास्त ब्रेकिंगमध्ये जातो किंवा वाचतो.

दोन वर्षांपूर्वी इंदिरानगरच्या एका क्लायंटच्या घरी मी हे जवळून पाहिलं. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाला स्टेअरिंग आवळलेलं, पेडल टाइल्सवर घसरू नयेत म्हणून खाली बाथरूमची रबरी मॅट, मागे भिंतीचा टेकू. शेजारी शंभर पानी वही. एका ओळीला एक वळण: सी-वन, सी-टू, पुढे गिअर, ब्रेक कुठे, नजर कुठे. रोज रात्री अर्धा तास. मग स्क्रीन बंद करून डोळे मिटायचे आणि बारा वळणं तोंडाने म्हणायची. चेन्नईहून परत आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "रस्ता नवा वाटलाच नाही." दुसरं वाक्य असं, की गेममध्ये ज्या बोर्डापाशी ते ब्रेक मारायचे तो बोर्ड प्रत्यक्ष तिथे नव्हताच. वहीतली तेवढी ओळ त्यांनी तिथे उभं राहून खोडली.

त्याचं कारण समजून घ्या, कारण ते पैशाशी जोडलेलं आहे. मोठ्या गेममधली बरीच सर्किटं लेझर स्कॅन करून बनवतात. रस्त्याचा चढ-उतार, कर्ब (वळणाच्या कडेची उंच पट्टी), खड्डासुद्धा सेंटिमीटरच्या हिशेबाने टिपलेला असतो. तुम्ही म्हणता ते मद्रास सर्किटचं मॉड, म्हणजे गेमला बाहेरून जोडायचं सर्किट, हौशी माणसांनी बनवलेलं आहे. मेहनत कौतुकाची, पण वळणांचा क्रम बरोबर म्हणजे प्रत्येक उंचवटा बरोबर असं नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचं, २०११ ते २०१३ च्या अधिकृत फॉर्म्युला वन गेममध्ये होतं. पण तिथे गाडी फॉर्म्युला वनची, पोलोच्या ब्रेकिंगशी तिचा काडीचा संबंध नाही. ढोबळ नकाशावर सराव करायला लाखाचं स्टेअरिंग लावलं, म्हणून नकाशा अचूक होत नाही.

साध्या संचाचाच पुरेपूर उपयोग करून घ्या. गेममध्ये पुढच्या चाकांवर चालणारी, साध्या टायरची छोटी हॅचबॅक निवडा. जीटी-३ गाडीत (शर्यतीसाठी बनवलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये) मजा येते, पण ब्रेकचे बिंदू चुकीचे बसतात आणि खऱ्या गाडीत तेच अंगाशी येतात. स्क्रीन एकच असली तरी चालेल, फक्त ती जवळ घ्या आणि फील्ड ऑफ व्ह्यू (स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याचा कोन) स्क्रीनच्या अंतराप्रमाणे लावा, नाहीतर वेगाचा अंदाज चुकतो. सोबत त्याच सर्किटचे गाडीतून काढलेले व्हिडिओ बघा. ते फुकट आहेत आणि बोर्ड कुठे आहे, कुठे नाही, हे त्यात खरं दिसतं. पोटात येणारा गोळा, तापलेले ब्रेक हळूहळू मऊ पडणं, चेन्नईच्या उन्हात हेल्मेटच्या आत गळणारा घाम, हे कुठलाच संच शिकवत नाही. त्यासाठी तिथे जावंच लागतं.

आता जो विषय तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, तो म्हणजे सर्किटवर विमा लागू होतो का. पोलोची पॉलिसी काढा आणि 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल, हे वापर त्यात वगळलेले असतात. सर्किटवर गाडी भिंतीला लागली तर क्लेम नाकारला जाणार असं धरूनच चाला. शिवाय तिथे तुमच्याकडून जबाबदारीच्या कागदावर सही घेतली जाते. तुमची पोलो पत्नीला दवाखान्यात न्यायची आणि मुलीला फिरवायची एकमेव गाडी आहे. ती परत येताना टोइंगच्या ट्रकवर आली तर दुरुस्तीचे पैसे कुठून येतील, याचं उत्तर आधी हवं. एफडीतून येणार असतील तर थोडं थांबा.

मेडिक्लेममध्ये धोकादायक खेळांचं कलम असतं आणि त्यात मोटार शर्यतीचं नाव थेट लिहिलेलं असतं. प्रमाणित शब्दरचनेत ते 'व्यावसायिक म्हणून' भाग घेणाऱ्याला लागू होतं, म्हणजे हौशी ट्रॅक डे आणि बक्षिसाची मालिका यांत फरक पडू शकतो. मालिकेत उतरण्यापूर्वी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, एजंटच्या फोनवरच्या "होऊन जाईल"वर जाऊ नका. वैयक्तिक अपघात विम्यात तर शर्यत बहुतेक ठिकाणी वगळलेलीच असते. तुमचा ७५ लाखांचा टर्म प्लॅन जुना आहे. यापुढे नवा घ्याल तेव्हा प्रपोजल फॉर्ममध्ये हा छंद स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या. लपवलेल्या माहितीचा त्रास तुम्हाला होत नाही, मागे राहिलेल्यांना होतो.

शिकवण्या घेऊन किंवा ऑनलाइन स्पर्धांतून रिगचा खर्च काढण्याची कल्पना सध्या हिशेबात धरू नका. आले पैसे तर आले. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या जाहिरातीलाही भुलू नका. रोखीत मिळाली असती ती सवलत व्याजापोटी आधीच गेलेली असते, प्रोसेसिंग फी वेगळी आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावरचा जीएसटी तुम्हालाच लागतो.

मग काय करायचं? एसआयपी चालू. कर्ज नाही. एफडीला हात नाही, उलट ती वाढवायची. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचे महिन्याला ५९ हजार जातात, म्हणजे १ लाख २० हजार हे जेमतेम दोन महिने आहेत. अडीअडचणीच्या निधीत सहा महिन्यांचे साडेतीन लाख लागतील. सगळं जाऊन तुमच्याकडे महिन्याला ९ हजार उरतात. त्यातले ४ हजार या निधीत आणि ५ हजार 'चेन्नई' नावाच्या वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. अकरा महिन्यांत ५५ हजार होतात, पहिला ट्रॅक डे रोखीत. दिवाळीच्या ७० हजारांच्या बोनसमधून चाळीस हजारांचा साधा संच घ्या, उरलेले तीस हजार गाडीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. हे चाळीस हजार पहिल्या फेरीत पूर्ण वसूल होत नाहीत, साडेसत्तावीस होतात. वरचे साडेबारा हजार हौसेचे समजा. तुमच्या पगारात तेवढी हौस बसते, आणि ती करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन ट्रॅक डे झाल्यावर वेड तितकंच असेल तर मालिकेचा विचार करू. त्यासाठी एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटारस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचं) स्पर्धा लायसन्स लागेल. आयोजकांच्या गाडीत भाड्याने सीट मिळत असेल तर नुकसानभरपाईची रक्कम किती, हे करारात आधी बघा आणि सही करण्यापूर्वी तो कागद मला पाठवा. तोपर्यंत या रविवारी दोघं मिळून पोलोची पॉलिसी काढा, ते पान मोठ्याने वाचा, आणि पाच हजारांची आवर्ती ठेव सोमवारी सुरू करा.