डिजिटल माध्यमांमुळे प्रेक्षकांचा सहभाग खरंच वाढला का?

वाढला, पण सगळ्यांचा सारखा नाही. पूर्वी आमच्या सीमाभागात बातमीवर बोलायचं म्हणजे 1919 साली बेळगावात सुरू झालेल्या ‘तरुण भारत’ला पत्र धाडायचं. छापून आलं तर आलं.

आता खानापूरकडच्या गावातलं कुस्तीचं मैदान फेसबुकवर लाईव्ह असतं. पुण्या-गोव्यात कामाला गेलेली पोरं, सुट्टी न मिळालेले जवान खाली कमेंट टाकतात, ‘कॅमेरा जरा डावीकडं घे रे!’ आणि कॅमेरा खरंच वळतो. कुणी यूपीआयनं पाचशे धाडतो, निवेदक लगेच माईकवर त्याचं नाव पुकारतो. टीव्हीला हे कधी जमलं नसतं.

बाकी बोलणारे मोजकेच, उरलेले नुसते बघे. अंगठा दाबला की सहभाग झाला, असं मी तरी धरत नाही.

अफवांचं म्हणाल तर 1 नोव्हेंबरला सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ पाळतात त्या काळ्या दिनाच्या आसपास जुने व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात 2018 पासून एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करायची मर्यादा घातली आहे, पण त्या पाचात तालुक्याचा एक ग्रुप असला तरी झालंच की!