उसाच्या चिखलावर वळणात पडलात? गाडी विकण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि गळ्याजवळचं हाड परत ठणकलं बगा. तुर्मुरी ओलांडून बाचीकडे जाताना दिवेलागणीला वळणावर उसाच्या ट्रॅक्टरचा चिखल, पुढे ट्रॉली आडवी, दचकून दाबलेला पुढचा ब्रेक, निखळलेला खांदा. आता दीड महिन्यानं गाडीवर बसलं की वळण दिसताच हात ताठ होतात, म्हणून गाडी विकू, एबीएसवाली (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक न होऊ देणारी) घेऊ की टायर बदलू, असं विचारलंय तुम्ही. मी त्याच बेळगाव-वेंगुर्ला रोडवर तुमच्यापेक्षा थोडं पुढे, महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या अलीकडे पडलोय. त्यामुळे जरा लांब लिहितो. मी वकील नाही आणि ट्रेनिंग देणाराही नाही, तेवढं धरून वाचा.

हेल्मेट, लायसन, चेन, हवा हे सगळं येतंय असं समजतो.

वर सगळ्यांनी एबीएसवरच लिहिलंय. माझ्या मते आधी ठरवायचं ते हे, की तुम्ही नेमके कशानं पडलात. हे तुम्ही ठरवलं नाही तर दुसरा कुणीतरी ठरवतो आणि तेच कागदावर राहतं. माझं तसंच झालं. मी दवाखान्यात. भाऊ तक्रार द्यायला गेला तर एका ठाण्यात सांगितलं, "जागा आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडे जावा." पलीकडे म्हणाले, "पेशंट तुमच्या बेळगावात ॲडमिट, तिकडनं कागद येऊ दे की." कुठलं ठाणं काय म्हणालं ते लिहीत नाही. कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या माणसाला कल्पना आहेच. या टोलवाटोलवीत पंचनामा लांबला. तोवर त्या वळणावरून उसाच्या गाड्या जाऊन जाऊन चिखलाची धूळ झाली, ट्रॉली कारखान्यावर रिकामी होऊन परत दुसऱ्या शेतात गेली. पंचनाम्यात आलं काय, तर रस्ता कोरडा, दुचाकीस्वार भरधाव. ज्यांनी लिहिलं त्यांनी चिखल बघितलाच नव्हता, लिहिणार काय! पुढे नुकसानभरपाईच्या क्लेमच्या वेळी समोरच्या वकिलानं तोच कागद फडकावला आणि तुमचीही तेवढीच चूक म्हणून आकडा खाली ओढत नेला. प्लेट बसवायच्या ऑपरेशनचा खर्चसुद्धा निघाला नाही. हाड जुळलं, पण त्या कागदाचा राग अजून जात नाही.

आता कायदा जरा बरा आहे. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये सरळ लिहिलंय, की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि प्रत फुकट मिळाली पाहिजे. खिडकीवर प्रत्यक्षात काय होतं ते वेगळं, पण कलमाचा नंबर तोंडपाठ असला की समोरच्याचा सूर बदलतो. दुसरं म्हणजे अपघात महाराष्ट्रात झाला तरी तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्ये (मोटार अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट) अर्ज करता येतो, त्यासाठी कोल्हापूर गाठायची गरज नाही. २०२२ पासून या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. त्या मुदतीवरून कोर्टात वाद आहेत, पण तुमचं प्रकरण त्या वादात कशाला घालता? या आठवड्यातच वकील गाठा. ट्रॅक्टरचा नंबर घेतलाय म्हणता, ट्रॉलीचा घेतलाय काय? दोन्हीचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं आणि विम्याची भांडणं तिथंच सुरू होतात.

विम्यावरून आठवलं. गाडीमालकाचा जो १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीबरोबर घ्यायला लावतात, तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. खांदा निखळला म्हणून त्यातनं दवाखान्याचं बिल निघत नाही. मलाही एजंटनं "सगळं येतंय की ओ त्यात" म्हणून सांगितलं होतं. असू दे.

आता गाडीकडे येतो. दिवसाउजेडी कुणालातरी बरोबर घेऊन त्या जागेवर जावा, पायी फिरा आणि डांबर बघा. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकाच्या नक्षीतली ढेकळं टाकत जातो. शेताच्या तोंडाशी ती जाड, ओली असतात आणि पुढे पुढे विरळ होत नुसते ठसे उरतात. म्हणजे तुम्ही जाताय तसा चिखल दाट होत चालला असेल तर शेताची वाट पुढे आहे, आणि तिथून दोन ट्रॉल्यांचं धूड बाहेर पडत असू शकतं. मागच्या ट्रॉलीला दिवा असेल या भरवशावर राहू नका, उसाची पानं लोंबून रिफ्लेक्टरसुद्धा झाकलेला असतो. चिखल दाट होतोय असं दिसलं की गाडी सरळ आहे तोवरच वेग उतरवायचा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. ४० वर असाल तर दोन्ही मिळून वीसात भागतं. चिखलात हा हिशोब धरूच नका.

पुढचा ब्रेक वाईट, मागचाच दाबावा असं एकानं वर लिहिलंय. हे आपल्याकडं प्रत्येक काका पोराला शिकवतात आणि ते चूक आहे. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी थांबवायची ताकद पुढच्यातच असते. घोटाळा होतो तो गाडी झुकलेली असताना, हँडल वळलेलं असताना, एका झटक्यात दाबल्यावर. त्या वेळी टायरची पकड वळण्यातच खर्च झालेली असते, ब्रेकसाठी काही उरत नाही. त्यात खाली चिखल. तुमचं आणि माझं तेच झालं. म्हणून वळणाच्या आधी ब्रेक, वळणात हलका, एकसारखा ॲक्सिलरेटर. आणि चिखलावर सापडलातच तर गाडी जमेल तितकी उभी ठेवून, काहीही न झटकता पार व्हायचं.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. सरळ रेषेत चाक लॉक होऊ देत नाही, हे खरं. झुकलेल्या गाडीला चिखलात ते सावरेल असं मानून गाडी बदलू नका. सुट्या मातीवर तर थांबायचं अंतर वाढूही शकतं. पैसे असतील तर जरूर घ्या, पण भीतीवर औषध म्हणून घेऊ नका.

हात ताठ होतात त्याला औषध आहे. भीतीनं कोपर ताठ झाले की हँडलला स्वतःहून सावरायला जागा उरत नाही, आणि नजर जिथं खिळते तिथंच गाडी जाते. तुम्ही ट्रॉलीच्या चाकाकडेच बघत होता, असं तुम्हीच लिहिलंय. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर सैल सोडा, नजर वळणाच्या सुटत्या तोंडाकडे. हे रस्त्यावर शिकू नका. सकाळी मोकळं मैदान बघा, दोन विटा ठेवा आणि ताशी २०-३० वर सरळ रेषेत पुढचा ब्रेक हळूहळू पिळत न्यायची सवय करा. मग विटांभोवती आठचा आकडा. कंटाळवाणं आहे, पोरं हसतात, हसू देत. डॉक्टरनं खांद्याला परवानगी दिल्यावरच हे सगळं, आणि पहिले काही दिवस मागे कुणाला बसवू नका.

भात मळणीच्या दिवसांत खानापूर, जांबोटीकडे डांबरावर पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरलेलं असतं. तेही चिखलाइतकंच वाईट, त्यावरही झुकायचं नाही आणि ब्रेक लावायचा नाही.

राहिला टायरचा प्रश्न. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२१८ असेल तर तो २०१८ चा टायर, नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असणार, बदला. नवा टायर असेल तर खर्च करू नका, आणि नवा घातलात तर सुरुवातीचे शंभरेक किलोमीटर जपून, वरचा थर गुळगुळीत असतो. विकायचं डोक्यातून जातच नसेल तर निदान उसाचा हंगाम संपेपर्यंत थांबा. एवढ्यात गाडी कुणाच्या हवाली करू नका, ठोकर लागलेल्या जागा आहेत तशा ठेवा आणि वकिलाला आधी फोटो काढू द्या.