आधी दाबते, मग कळवते

मावशी,
मी औसा तालुक्यातल्या एका गावची, वय २४. गेल्या ऑगस्टपासून टेक्सासमध्ये एम.एस. करते. डिसेंबरात मानेला गाठ आली. फेब्रुवारीत तपासणी झाली, गाठीचा टीबी निघाला. १५ फेब्रुवारीपासून गोळ्या सुरू आहेत. रोज सकाळी इथल्या आरोग्य खात्याच्या नर्सला व्हिडिओवर गोळ्या गिळून दाखवाव्या लागतात. हा दुसऱ्याला लागणारा नाही, सहा महिन्यांत बरा होईल, असं डॉक्टर म्हणतात. पण मळमळीनं वर्गात बसवत नाही, वजन ७ किलो उतरलं. या सेमिस्टरला सुट्टी घे, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. मैत्रिणी म्हणतात, सुट्टी घेतली की व्हिसा गेला. अण्णांनी लातूरचा प्लॉट तारण ठेवून कर्ज काढलंय, तेही मला कागद झाल्यावर कळलं. गावात स्टँडवर माझ्या फोटोचं बॅनर लागलं होतं. आमचे आजोबा टीबीनंच गेले, म्हणून घरी काहीच बोलले नाही. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या रानातल्या सणाला, आईनं रानातून व्हिडिओ कॉल केला, तेव्हा विचारलं, मानेला काय गं? थंडी आहे म्हणून मी स्कार्फ ओढून घेतला. उद्या लग्न जमवताना हे बाहेर आलं तर? घरी येऊ की इथंच कुढत राहू? तिन्ही विषय सोडायचा फॉर्म पोर्टलवर भरून ठेवलाय. शुक्रवारी रात्री दाबते आणि सोमवारी इंटरनॅशनल ऑफिसला मेल करून कळवते.
(नाव छापू नका.)

पोरी, ते बटण दाबू नकोस.

तुझं पत्र मंगळवारी रात्री वाचलं आणि हे एक वाक्य तुला तेव्हाच मेलवर पाठवलं, कारण हा मजकूर छापून येईपर्यंत तुझा शुक्रवार उलटून गेला असता. बाकीचं आता सविस्तर लिहिते, तेही छापायच्या आधी तुला मेलवर मिळेल.

तू मूळ पत्र तीन पानी लिहिलंस. त्यात अण्णा आहेत, प्लॉट आहे, बॅनर आहे, अजून न ठरलेलं लग्नसुद्धा आहे. आणि अगदी शेवटी, किराणा आणायला निघाल्यासारखं, लिहिलंयस की शुक्रवारी दाबते, सोमवारी कळवते. मला धस्स झालं ते तिथं. टीबीनं झालं नाही. टीबीवर तुझ्या गोळ्या चालू आहेत, त्या मोजून देणारी नर्स आहे. या शुक्रवार-सोमवारावर मात्र कुणाचंच लक्ष नाही.

तुझ्या मैत्रिणींचं ऐकून तू घाबरलीस. त्यांचं अर्धंच खरं आहे. आजारपणाच्या सुट्टीनं व्हिसा जात नाही, न विचारता घेतलेल्या सुट्टीनं जातो. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्यानं दर सेमिस्टरला पूर्ण विषय घ्यायचे, हा नियम. त्याच नियमात आजारासाठी दार ठेवलेलं आहे. तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसात ज्यांना डीएसओ म्हणतात, त्यांना आजारी विद्यार्थ्याला कमी विषयांची, आणि गरज पडली तर एकही विषय न घेण्याची परवानगी देता येते. एम.एस.च्या पूर्ण काळात मिळून अशी १२ महिन्यांपर्यंत सवलत मिळते, फक्त दर सेमिस्टरला ती नव्यानं मागावी लागते. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं. तुझ्या डॉक्टरांनी सुट्टीचं आपणहून सांगितलंय, म्हणजे पत्र द्यायला त्या नाही म्हणायच्या नाहीत. ते पत्र बघून डीएसओ सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदीत तुझी परवानगी चढवतात. ती चढली की तू खोलीत पडून असलीस तरी कायद्यानं विद्यार्थीच असतेस.

पण ती चढायच्या आधी विषय सुटले, तर त्याच नोंदीत उलटी ओळ पडते, की परवानगी न घेता विषय सोडले. मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही. तिथून नोंद बंद होते, आवराआवरीला म्हणून एक दिवस मिळत नाही, आणि विद्यार्थी म्हणून पुन्हा उभं राहायचं तर इमिग्रेशन खात्याकडं अर्ज करून महिनोन् महिने वाट बघायची. तेही मंजूर होईलच असं नाही. आजार तोच, डॉक्टर तेच, पत्रही तेच. फरक एवढाच की सोमवारचं काम शुक्रवारच्या आधी झालं की नंतर.

मला हे इतकं टोचतंय त्याला कारण आहे. मी बी.एड. करत होते तेव्हा कावीळ झाली. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. भाऊ आला आणि मी एस.टी.त बसून गावी आले. अर्ज दिला नाही. बरी झाले की जाऊन सांगू, असं डोक्यात होतं. दोन महिन्यांनी परत गेले. हेडक्लार्कनं हजेरीपट काढून माझ्यापुढं उघडला, तर माझ्या नावावर पट्टी धरून तांबडी रेघ ओढलेली होती. त्याच पानावर खाली आणखी एका मुलीचं नाव होतं. तीही आजारी होती, तीही दोन महिने गैरहजर होती. तिच्या नावापुढं निळ्या शाईत लिहिलं होतं, 'वैद्यकीय रजा मंजूर'. तिच्या वडलांनी निघायच्या दिवशी दोन ओळींचा अर्ज टाकला होता. माझं वर्ष गेलं, तिचं वाचलं. ती तांबडी रेघ मला अजून दिसते. तुझ्या नावावर मला ती नको आहे.

आता तुझा हिशेब करू. तो मी दोनदा कॅलेंडरवर बोट ठेवून केलाय. तू सहा महिने म्हणतेस आणि तुझ्या डोळ्यांपुढं सगळं शिक्षण बुडतं. गोळ्या १५ फेब्रुवारीला सुरू झाल्या, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर संपतील. आत्ता मार्च सरत आला. तुमची सेमिस्टर मेच्या सुरुवातीला संपते. त्यापुढं उन्हाळ्याची सुट्टी, आणि शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात विषय घ्यावेच लागत नाहीत. पुढची सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी. मग परवानगी लागणार ती किती दिवसांची? जेमतेम सहा आठवड्यांची! तू ज्याला सहा महिन्यांचा डोंगर म्हणतेस, तो व्हिसाच्या वहीत सहा आठवड्यांचा बांध आहे. त्या सहा आठवड्यांनंतरची उन्हाळ्याची सुट्टी तुला नेहमीसारखीच धरता येईल ना, हेही त्याच भेटीत विचारून पक्कं कर.

म्हणून घरी यायचं की तिथं राहायचं, यावर माझं मत सरळ आहे. आत्ता तिथंच राहा, परवानगी घे, विश्रांती घे आणि मे महिन्यात सुट्टीला घरी ये. आत्ताच सगळं गुंडाळून निघालीस तर ऑफिस तुझी नोंद आजारपणाचं कारण लिहून बंद करतं. त्यातही डाग नसतो, पण मंजुरीनंतर १५ दिवसांत देश सोडावा लागतो आणि तीच नोंद पुन्हा उघडायची तर पाच महिन्यांच्या आत परतावं लागतं. मार्चअखेरपासून पाच महिने मोज, ऑगस्टअखेर येते. एखादी तपासणी लांबली की गेले पाच महिने. मग आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजनं दिलेला कागद, नवं, सेव्हिसची ३५० डॉलरची फी नवी, आणि शिक्षणानंतर वर्षभर काम करायची जी सवलत असते तिच्यासाठीचं एक शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. इतक्या काठावरून कशाला चालायचं? मे महिन्यात आलीस तर नोंद चालूच असेल, आय-ट्वेंटीवर डीएसओंची प्रवासासाठीची सही असली की झालं. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख तेवढी बघून घे. तिकीट काढायच्या आधी नर्सला सांग. त्या प्रवासापुरत्या गोळ्या आणि इकडच्या दवाखान्यासाठी कागद देतील. इथं सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्यांना पैसा पडत नाही. पण एक दिवसही खाडा होता कामा नये. अर्धवट सोडलेला टीबी उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही.

डॉक्टर मात्र उद्या म्हणाल्या की हिला एकटीनं राहता येणार नाही, तर माझा कॅलेंडरचा हिशेब बाजूला ठेव आणि ये. पण तेही ऑफिसला आधी सांगूनच.

कॉलेजचा विमा, कॅम्पसवर काही काम करत असशील तर ते, हे सगळं सुट्टीत चालू राहतं का, तेही त्याच भेटीत विचार. लाजू नकोस. त्या ऑफिसला असे विद्यार्थी दर सेमिस्टरला भेटतात.

आता अण्णा. तू त्यांच्याबद्दल फार हळवं लिहिलंयस आणि वाचणाऱ्यानंही हळवं व्हावं, अशी तुझी अपेक्षा आहे. मला अण्णांचा रागच आला. कष्टाळू माणूस असेल, पोरीसाठी जीव टाकणारा असेल, पण २४ वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज निघतंय, आपला एकुलता प्लॉट बँकेत जातोय, आणि तिला हे कागद झाल्यावर सांगतात? आपल्याकडं बाप लोकांना वाटतं, ही माया आहे. सोयाबीनला भाव मिळाला नाही तर सांगायचं नाही, सोसायटीची नोटीस आली तर उशीखाली ठेवायची, छातीत दुखलं तर पित्त म्हणायचं. पोरांना कळतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. पोरं तेच शिकतात. तू शुक्रवारी जे करणार होतीस, ते तू अमेरिकेत शिकली नाहीस. अण्णांनी ते तुला प्लॉटच्या कागदांवर शिकवलं. आधी करायचं, मग कळवायचं.

हे अण्णांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

आजोबा टीबीनं गेले म्हणून अण्णांना सांगत नाहीस. अगं, ज्या माणसानं बाप खोकताना बघितलाय, त्याला टीबी म्हणजे काय, ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला हे तुझ्या तोंडून ऐकायचा हक्क आहे. त्यातच हेही सांग की हा गाठीचा आहे, फुप्फुसाचा नाही, कुणाला लागत नाही, औषध सुरू होऊन महिना उलटलाय. बँकेतही त्यांनाच जावं लागेल. अभ्यासक्रम एका सेमिस्टरनं लांबणार असेल तर कॉलेजचं पत्र जोडून शाखेत लेखी कळवायचं, म्हणजे हप्ते सुरू व्हायची तारीख पुढं सरकवून मागता येते. तेही हप्ता थकल्यावर नको, आधीच.

लग्नाचं एका वाक्यात सांगते. बरा झालेला आजार ऐकून जो मुलगा उठून जाईल, तो चहा पिऊन जाऊ दे. बॅनरचं तर पावसानं कधीच काय झालं असेल ते झालं असेल.

आईचं मात्र एवढ्यात आवरणार नाही. येळवसेचा तो कॉल मी पुन्हा पुन्हा वाचला. रानात कडब्याची खोप, आंबिलीचं मडकं, भज्जीवर तुटून पडलेली माणसं, आणि त्या गर्दीत तुझ्या आईनं वीतभर पडद्यावर तुझी मान बघितली. तुझ्या डॉक्टरांच्या दोन महिने आधी! त्या बाईनं त्यानंतर कितीदा विचारलं असेल मनातल्या मनात? रोज सकाळी एका परक्या नर्सपुढं तू तोंड उघडून, जीभ वर करून दाखवतेस की गोळी गेली. आणि आईनं नुसती मान विचारली तर स्कार्फ?

तर उद्या असं कर. फॉर्म तसाच राहू दे, लॅपटॉप मिटून ठेव. डॉक्टरांकडून पत्र घे. आजार, कधीपासून आणि कधीपर्यंत विश्रांती, आणि विषय पूर्ण सोडायची शिफारस, हे तिन्ही त्यात स्पष्ट लिहून घे. शुक्रवारी सकाळी नऊला ते पत्र घेऊन इंटरनॅशनल ऑफिसात जा. मेल पाठवून वाट बघत बसू नकोस, स्वतः जा. परवानगी सेव्हिसवर चढली, हे त्यांनी लेखी कळवल्याशिवाय एकही विषय सोडू नकोस, मग त्याला पुढचा मंगळवार उजाडला तरी चालेल.

ऑफिसातून दहाच्या सुमाराला बाहेर पडशील. इकडं तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतील. अण्णा रानातून येऊन जेवायला बसले असतील, आई तव्यावर भाकरी टाकत असेल. तिथंच कुठंतरी बाकावर बस आणि व्हिडिओ कॉल लाव. स्कार्फ खोलीवर ठेवून जा.