मेडियास्टिनम (छातीतला, दोन फुफ्फुसांच्या मधला भाग) खरंच रुंद आहे का?

इंटर्न, अंबाजोगाई: छातीच्या एक्स-रे फिल्मवर उजवी पॅराट्रॅकियल स्ट्राइप (श्वासनलिकेच्या उजव्या कडेची पट्टी) मला कधी दिसते, कधी नाही. बघायचं काय?

श्वासनलिकेतली हवा एकीकडे, उजव्या फुफ्फुसातली दुसरीकडे. मधे नलिकेची भिंत आणि फुफ्फुसावरणाचे पदर. दोन्हीकडे हवा आहे म्हणूनच ही पट्टी उमटते. प्रत्येक फिल्मवर ती दिसतेच असं नाही, तेव्हा न दिसल्याचा बाऊ नको. जाडी ४ मिमीपर्यंत चालते. मात्र खालच्या टोकाला, उजव्या ब्रॉंकसच्या कोनात अझायगस शीर असते. तो फुगवटा पट्टीत मोजला की विनाकारण 'जाड' लिहिलं जातं. पट्टी खरोखर जाड, उंचसखल दिसली तर आपल्या भागात आधी टीबीच्या गाठी आठवाव्यात, मग लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आणि सार्कॉइड (गाठी सुजवणारा एक आजार).

डावीकडे महाधमनीची कमान आणि फुफ्फुसधमनी यांच्यामधली खाच बघा. ती बाहेर फुगली असेल तर सोडू नका. आणि पेशंटला जुनी फिल्म मागा. ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहून आलेला माणूसही ती पिशवीत जपून आणतो. विचारत नाही ते आपणच.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, हिंगोली जिल्हा: अपघातातल्या पेशंटची झोपवून काढलेली फिल्म. मेडियास्टिनम रुंद वाटतो. नांदेडला पाठवू?

झोपवून काढलेल्या एपी (किरण छातीकडून पाठीकडे जाणाऱ्या) फिल्मवर तो रुंद दिसणारच. हृदय प्लेटपासून लांब, शिरा भरलेल्या, श्वास अर्धवट. पेशंट वळलेला तर नव्हता? दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर हवीत. रुंदीपेक्षा कडांवर भर द्या, महाधमनीला इजा झाल्याच्या खुणा शोधा: महाधमनीची कमान पुसट, श्वासनलिका उजवीकडे ढकललेली, डाव्या फुफ्फुसाच्या शिखरावर पांढरी टोपी. यातलं काही दिसलं तर पेशंट स्थिर करून लगेच पाठवा. धडक जबर असेल तर फिल्म स्वच्छ असूनही सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) हवीच. उभं करून दुसरी फिल्म काढायच्या फंदात पडू नका, मणक्याचं काय झालंय हे अजून माहीत नाही.

एक आई, जिंतूर: आठ महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवर 'मेडियास्टिनम रुंद' लिहिलंय. टीबी असेल का?

ताई, या वयात तिथे थायमस ग्रंथी मोठी असते आणि साधारण तीन वर्षांपर्यंत फिल्मवर दिसू शकते. बाळ रडताना फिल्म निघाली असेल तर ती आणखी रुंद दिसते. तरी रिपोर्टचा कागद नव्हे, फिल्मच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरात कुणाला टीबी झालाय का, कुणाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा लांबलाय का, बाळाचं वजन वाढतंय का, हेही सांगा.