प्राजक्ताची छाटणी जूनमध्ये नको

प्रश्न : मार्चपासून आमच्या प्राजक्ताची पानं गळतायत. आता नुसत्या काड्या उरल्यात. झाड मेलं समजून काढून टाकू का? (सोलापूर)

उत्तर : अजिबात काढू नका! प्राजक्त पानगळीचंच झाड आहे, उन्हाळ्यात पानं टाकतो. एखाद्या काडीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे. घाबरून रोज बादलीभर पाणी ओतलंत, तर मात्र मुळं कुजून खरंच जाईल. आठवड्यातून एकदा मुळाशी पाणी द्या. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की फूट येईल.

प्रश्न : झाड पाच वर्षांचं, पण फुलं मूठभर. दर जूनमध्ये छाटतो, महिन्याला युरियाही घालतो. (ठाणे)

उत्तर : चूक त्या जूनमध्येच आहे. प्राजक्ताच्या कळ्या नव्या फुटीच्या शेंड्यांना येतात. पावसाच्या तोंडावर शेंडे छाटले म्हणजे श्रावणातली फुलंच छाटली. छाटणी फेब्रुवारीत करा, बहर संपून चपट्या शेंगा वाळल्या की. फांद्या तिसऱ्या हिश्श्याने कमी करा आणि मग कात्री ठेवून द्या. युरिया बंद, त्याने नुसता पाला माजतो. पावसाळ्याआधी दोन घमेली कुजलेलं शेणखत घातलं की वर्षभराचं झालं. पाच-सहा तास ऊन मात्र हवंच. भिंतीच्या सावलीतला प्राजक्त उंच होतो, फुलत नाही.

छाटायचं आणखी एक कारण सांगतो. ही फुलं आपण तोडत नाही, वेचतो. झाड डोक्याइतकं ठेवलं तर सडा एका जागी पडतो. रात्री खाली जुनं धोतर पसरलं की पहाटे फुलांना माती लागत नाही. आणि पायवाटेवर प्राजक्त लावू नका. तुडवलेला सडा मला बघवत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे घोळके बसतात. कोणतं औषध मारू? (चिपळूण)

उत्तर : औषध नको. जुन्या खराट्याने साबणाच्या पाण्यात पाडा, उघडा हात लावू नका, खाज सुटते. रात्री फुलांवर येणारे पतंग फवारणीने मरतात.

प्रश्न : गच्चीत कुंडीत येईल का? (पुणे)

उत्तर : येईल. 18 इंची कुंडी घ्या, तळाची भोकं मोकळी ठेवा. वाळलेल्या शेंगेत दोनच चपट्या बिया असतात. ताज्या असतानाच पेरा. फांदी लावूनही तो येतो.