थिअरीत पीएचडी करायला जर्मनीला यावं का?

पुण्यात एम.एस्सी. संपत आली आहे, पार्टिकल थिअरीत पीएचडी करायची आहे. पण या विषयात आता काही उरलंय का आणि त्यासाठी जर्मनी गाठावी का, असं तू विचारलं आहेस. ये, असंच मी सांगेन. फक्त देश ठरवण्याआधी प्रश्न ठरव.

२०१२ साली इतर मूलभूत कणांच्या वस्तुमानाशी निगडित असलेला हिग्ज बोसॉन हा कण सापडला. त्यानंतर एलएचसीत, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणांच्या टकरी घडवणाऱ्या महायंत्रात, स्टँडर्ड मॉडेलच्या (मूलभूत कणांच्या आजच्या मान्य सिद्धांताच्या) पलीकडचा एकही कण सापडलेला नाही. सुपरसिमेट्रीवर, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असावा या कल्पनेवर, उमेदीची वर्षं खर्च केलेल्यांना हे फार जड गेलं. एलएचसीनंतरचा नियोजित, ९१ किलोमीटर परिघाचा एफसीसी मंजूर झाला तरी २०४० चं दशक सरत आल्यावरच सुरू होईल. तोवर तुझं पोस्टडॉकचं (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाचं) वय उलटून गेलेलं असेल.

मला खरी धुगधुगी दिसते ती गुरुत्वीय लहरींत, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांत. २०१५ मध्ये त्या पहिल्यांदा टिपल्या गेल्या, २०३५ च्या सुमारास त्या टिपणारी लिसा ही मोहीम अवकाशात जायची आहे, आणि तिच्या मोजमापांना पुरी पडेल इतकी अचूक गणितं आज आपल्याकडे नाहीत. तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे, कणांच्या टकरींतून काय निघेल याची शक्यता काढण्यासाठी घडवलेलं स्कॅटरिंग अँप्लिट्यूडचं तंत्र आता एकमेकांभोवती फिरणाऱ्या कृष्णविवरांना लावलं जातं. म्हणजे कणभौतिकीचा पाया असलेल्या क्वांटम फील्ड थिअरीत घेतलेली मेहनत वाया जात नाही. पॉट्सडॅम आणि हॅनोव्हरच्या माक्स प्लांक संस्थेत गुरुत्वीय लहरींवर मोठं काम चालतं. शिवाय हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. परत यायचं मनात असेल तर या विषयाला घरीही जागा आहे.

आता पैशाचं. इथे जर्मनीत पीएचडी ही बहुधा नोकरीच असते. विद्यापीठाच्या करारावर बहुधा ‘टीव्ही-एल ई१३’ ही सरकारी वेतनश्रेणी लिहिलेली असते, आणि शेजारी पूर्ण पदाची टक्केवारी. ती नीट बघ. थिअरीत ५० ते ७५ टक्के पद सर्रास देतात, काम मात्र पूर्ण वेळ करावं लागतं. एकट्याचं भागतं. अमेरिकेसारखा कोर्सवर्क नसतो, म्हणून पाया पुण्यातच पक्का करून ये.

खरी कसोटी पीएचडीनंतर. विद्यापीठातल्या मुदतीच्या करारांना कायद्याने साधारण मर्यादा आहे: पीएचडीआधी ६ वर्षं, नंतर ६. पोस्टडॉक दोन-तीन वर्षांचा, आणि पुढचा बहुधा दुसऱ्याच देशात. दर हिवाळ्यात अर्जांचा हंगाम येतो, आणि राहण्याचा परवानाही सहसा कराराच्या तारखेला बांधलेला असतो. लग्न, आईवडिलांची दुखणी ही त्या तारखा बघून येत नाहीत. घरच्यांशी हे आत्ताच बोलून घे. कायम प्राध्यापकपद फार थोड्यांना मिळतं, हेही त्यांना सांग.

गाइड निवडताना त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत ते शोध आणि त्यातल्या एक-दोघांना थेट लिही. मग गटाचा अलीकडचा एक पेपर घेऊन त्यातलं एखादं समीकरण स्वतः काढून बघ, आणि पहिल्या ईमेलमध्ये अडलेल्या जागेबद्दलच विचार.